शब्दचर्चा : प्रतिमा आकुंचित करून पाठवा

हळकुंड :
मंडळी, एका ओळीनं डोकं उठवलंय. मी सांगलीत एका कॉलेजात संगणकाची लॅब बघतो. व्हर्च्युअल मशीनची (संगणकाच्या आत चालणाऱ्या संगणकाची) डिस्क इमेज, म्हणजे अख्खी डिस्क एका फाईलीत, स्क्रिप्टनं कशी बनवायची याचं आठ पानी टिपण पोरांसाठी मराठीत करायला घेतलंय. म्हणजे रिकामी फाईल करा, पार्टिशन पाडा, डेबूटस्ट्रॅप या आज्ञेनं आत डेबियन लिनक्स ओता, मशीन बूट करणारा, म्हणजे उठवणारा ग्रब बसवा, क्यूकाऊ-टू या प्रकारची डिस्क-फाईल करून कॉम्प्रेस करा, म्हणजे दाबून लहान करा, सगळं एका शेल स्क्रिप्टमधनं. कोश चाळून चाळून शेवटची ओळ लिहिली, 'तयार झालेली प्रतिमा आकुंचित करून पाठवा'. एका पोरानं टर्मिनलचा मोबाईलवर काढलेला फोटो पाठवला. तोबी आकुंचित करून, ४० केबीचा. चूक त्याची नाहीच, ओळीचा अर्थ तोच होतोय. तर इमेज आणि कॉम्प्रेस याला बरे शब्द सांगा. शुक्रवारी छापायला द्यायचंय.

रूट_पासवर्ड :
'इमेज कॉम्प्रेस करून पाठवा' लिही. विषय संपला. इतकी वर्षं सर्व्हर सांभाळतोय, प्रतिमा म्हणताना कुणाला ऐकलं नाही. रात्री फोन येतो तो 'साहेब, सर्व्हर उठंना झालाय' असाच येतो.

वाईकर_बुवा :
विषय असा संपत नसतो. प्रतिमा हा शब्द इथे जितका नेमका बसतो तितका फोटोलाही बसत नाही. प्रति अधिक मा, मा म्हणजे मोजणे. मापास माप. डिस्कच्या पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत जे जसं आहे ते तसंच, बाइटला बाइट, हीच प्रतिमा. ती फोटोला वाहून टाकली हा दोष आपला. ज्या वाईत तर्कतीर्थांनी विश्वकोश उभा केला, त्यातला १८वा खंड अख्खा परिभाषेला दिला, त्या वाईत बसून मी इमेज लिहिणार नाही. सावरकरांनी महापौर, दिनांक दिले तेव्हाही टिंगल झालीच होती.

माहुलीची :
बुवा, महापौर चालला हो, पण त्याच्याबरोबर निघालेले किती वाटेतच राहिले ते कुणी मोजत नाही. प्रतिमा म्हटलं की मला मूर्तीच दिसते. मग बूट करणं म्हणजे प्राणप्रतिष्ठा! ग्रब बसवायचा राहिला की मूर्ती देखणी, पण प्राण नाही, काळ्या पडद्यावर एक रेघ लुकलुकत बसलेली. आमच्या ह्यांचं परवा हेच झालं, रात्री दीड वाजेपर्यंत.

रूट_पासवर्ड :
ताई, त्यांना सांगा ग्रब पार्टिशनवर बसवलाय का बघा, तो अख्ख्या लूप डिव्हाइसवर, म्हणजे डिस्क म्हणून जोडलेल्या पुऱ्या इमेज फाईलीवर बसवायचा. जुन्या पद्धतीच्या बूटला पहिले ५१२ बाइट महत्त्वाचे. त्यात ४४६ बूटचा कोड, ६४ पार्टिशनचा तक्ता आणि शेवटी दोन बाइटची खूण, ५५ एए. ती खूण नसली तर मशीन सुरू करणारा बायोस त्या डिस्ककडं ढुंकूनबी बघत नाही.

काहिल :
मी कराडकडचा, घरचं गुऱ्हाळ होतं. कॉम्प्रेसला 'आटवणे' का म्हणत नाही कोण? काहिलीत रस ओतायचा, भेंडीचं पाणी मारून मळी काढायची, चुलवाणाला जाळ घालायचा, काहिलभर रसाच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या ढेपा. माल तोच, जागा कमी. इमेज आटवा. कसला दणकट शब्द आहे लगा.

रूट_पासवर्ड :
गुळाचा परत रस करून दाखव.

काहिल :
पाण्यात विरघळवला की झाला.

रूट_पासवर्ड :
ते गुळाचं पाणी झालं भावा, रस नव्हे. आम्हाला एक्सझेडनं दाबलेली फाईल सोडल्यावर जशीच्या तशी लागते. एक बिट इकडचा तिकडं झाला तरी शा-२५६ ची बेरीज, म्हणजे फाईल तीच आहे का ते ताडायचा आकडा, चुकते आणि माल परत. तुझं आटवणं फोटोच्या जेपेगला ठेव. त्यात गेलं ते गेलंच. गूळ, खवा, तासगावचा बेदाणा सगळे तिकडचे. बेदाणा पाण्यात टाकला की फुगतो, त्याचं द्राक्ष होत नाही.

काहिल :
बरं. मळी काढली म्हणजे डेटा गेला, एवढं कबूल. पण बेदाण्याला नावं ठेवू नका.

माहुलीची :
मग वळकटी म्हणा की. आजोबा एसटीनं पंढरपूरला निघाले की सतरंजी, चादर, उशी गुंडाळून गुडघा रोवून अशी आवळायचे की काखेत बसायची. तिथं दोरी सोडली की सतरंजी तीच, चादर तीच, उशीतला कापूससुद्धा हरवला नाही. बेरीज चुकायचा प्रश्नच नाही.

वाईकर_बुवा :
टिपण आहे का प्रवासवर्णन? संपीडन हा शब्द आहे, तो वापरा.

रूट_पासवर्ड :
तो हिंदीवाल्यांचा.

वाईकर_बुवा :
संस्कृतवर कुणा एकाची मालकी नाही. आणि डेबूटस्ट्रॅप, ग्रब, क्यूकाऊ हे कोणत्या आळीतले म्हणे?

माहुलीची :
ती नावं आहेत बुवा, माणसाच्या नावाचं कुणी भाषांतर करतं का? शिवाय संपीडनात पीडा आहे. पोरं आधीच पिडलेली.

हळकुंड :
वळकटी झकास! पण लिहायला बसलो आणि नवीच गाठ पडली. आपण कॉम्प्रेस म्हणतो ती दोन वेगळी कामं आहेत. एक्सझेडची वळकटी खरी, अख्खी सोडल्याशिवाय आडवं होता येत नाही. पण क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कन्व्हर्ट आज्ञेला 'सी' लावून केलेली क्यूकाऊ-टू तशीच चालते, आधी सोडावी लागत नाही. आत ६४ केबीचे तुकडे, प्रत्येक आपापला दाबलेला, मशीनला लागेल तेवढाच उलगडतो. ही वळकटी नव्हे, ही कपाटातल्या साड्यांची घडी, पाहिजे ती ओढायची. आणि गंमत बघा, चालत्या मशीननं त्यात नवं काही लिहिलं की ते न दाबताच लिहिलं जातं. म्हणजे ओढलेली साडी घडी न घालता परत कोंबली. काही दिवसांनी कपाटाचं दार लागत नाही. आमच्यात घरी आणि लॅबमध्ये दोन्हीकडं हेच चालतं. तर एकाला वळकटी, एकाला घडी. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, मराठीत दोन निघाले.

वाईकर_बुवा :
घडी चालेल. (हे मी माघार म्हणून लिहीत नाही.)

हळकुंड :
आता तिसरं. स्पार्स फाईल, म्हणजे माप मोठं पण रिकाम्या जागेला डिस्क न खाणारी. स्क्रिप्टनं २० जीबीची रॉ फाईल क्षणात होते, पोरं घाबरतात. फाईलीचं माप सांगणारं एलएस म्हणतं २० जीबी, खरी व्यापलेली जागा सांगणारं डीयू म्हणतं दीड. मी म्हटलं, हे हरिपूरचं पेव आहे रे, हळद साठवायचं जमिनीतलं. पेवाचं माप वेगळं, आत हळद किती भरली ते वेगळं. पण उदाहरण पुढं लंगडतं. मशीनमधली फाईल पुसली तरी जुना मजकूर डिस्कवर तसाच पडून असतो, तो कॉम्प्रेसला कळत नाही, म्हणून आधी मोकळ्या जागेत शून्यं भरायची, मग ती शून्यांची फाईल उडवायची, मग दाबायचं. बारीक व्हायला आधी पोटभर जेवल्यासारखं. शून्यं भरताना फाईल खरंच २० जीबी होते. माझ्याकडं १२ मोकळी होती, स्क्रिप्ट मध्यातच मेली, आणि चूक झाली की थांबायची ओळ घातली नव्हती म्हणून पुढचा कन्व्हर्टबी अर्धवट इमेजवर चालून गेला. सुबक, लहान, आणि उठेना!

रूट_पासवर्ड :
शून्यं कशाला भरतोस, डिस्कार्ड चालू करून एफएसट्रिम मार, पुसलेली जागा फाईलीतनं सुटते. पेवाचा तळ मोकळा.

काहिल :
पेवांचं २००५ च्या पुरात वाटोळं झालं ना? पाणी शिरून हळद गेली म्हणत होते.

माहुलीची :
हो. मामांचं तिकडं होतं. पेव उघडलं की लगेच कुणाला उतरू द्यायचे नाहीत, आधी कंदील सोडायचा, विझला तर आत हवा नाही. 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार त्याच पेवाचा, एवढं मला पक्कं वाटतं. एकदम भसाभसा बाहेर येणं.

वाईकर_बुवा :
पक्कं वाटणं म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. बाकी जुन्या लेखनात हा शब्द 'पेंव' असा, अनुस्वार देऊन येतो. तो उच्चारात नाकातून यायचा.

काहिल :
आमच्याकडं कुणी नाकातनं बोलत नाही.

माहुलीची :
मामा बोलायचे. पण त्यांना सर्दी असायची.

हळकुंड :
उद्या शुक्रवार आहे हो. छापवाला पान अडवून बसलाय. वळकटी लिहू, घडी लिहू, का सरळ इमेज कॉम्प्रेस?

वाईकर_बुवा :
पेव लिहिणार असाल तर अनुस्वार द्या.