टॉर्चर : छळ, यातना, की 'खाक्या'?

एका लेखाचा अनुवाद करतोय. विषय असा : दहशतवादी असल्याच्या संशयावरून पकडलेल्या माणसाच्या चौकशीत टॉर्चर वापरावं की नाही. वाद जुना आहे आणि दोन्ही बाजू बहुतेकांना पाठ आहेत. मी अडलोय ते पहिल्याच ओळीत, 'टॉर्चर' या शब्दापाशी.

कोशात दोन शब्द सापडतात, छळ आणि यातना. दोन्ही लंगडे वाटताहेत.

'छळ' घरगुती झालाय. सासरच्यांनी केलेला छळ, वरिष्ठांनी केलेला छळ. 'किती छळतोस रे!' हे तर आपण लाडानंही म्हणतो. संस्कृतात छल म्हणजे कपट; तो अर्थ मराठीत 'छळकपट'सारख्या जोडशब्दात तेवढा उरला. 'छळछावणी'त मात्र हाच शब्द पूर्ण वजनानं उभा राहतो, म्हणजे त्याच्या अंगात बळ नाही असं नाही.

'यातना'चं दुखणं वेगळं. यातना होतात, यातना सोसतात, यातना भोगतात. करणारा कुठे आहे? कर्करोगाच्याही यातना असतात. 'देणे' लावून कर्ता आणता येतो, पण वाक्याचा डोळा सोसणाऱ्यावरच राहतो.

आणि टॉर्चरच्या व्याख्येत करणाराच महत्त्वाचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८४ च्या टॉर्चरविरोधी करारातल्या पहिल्या कलमानुसार चार गोष्टी लागतात : तीव्र शारीरिक किंवा मानसिक वेदना, ती जाणूनबुजून दिलेली असणं, तिच्यामागे हेतू असणं (माहिती किंवा कबुली काढणं, शिक्षा करणं, धाक बसवणं वगैरे), आणि तीत सरकारी अधिकाऱ्याचा हात किंवा संमती असणं. या चारही गोष्टी पोटात घेणारा शब्द मराठीत आहे का?

जाता जाता एक गंमत. इंग्रजी शब्द ज्या लॅटिन धातूवरून आला त्याचा अर्थ 'पिळणे'. आपल्याकडे पिळण्यापासून 'पिळवणूक' झाली, पण ती शेतमजुराची आणि कामगाराची. शब्द अगदी दारापर्यंत येऊन शेजारच्या घरात गेला.

प्रतिसाद : 'यातना' नकोच

तुम्ही दिलेल्या कारणाहून मोठं कारण आहे. संस्कृतात यातना म्हणजे परतफेड, केल्या कर्माचं फळ. म्हणून यमयातना, नरकयातना. पाप्याच्या वाट्याला येते ती यातना. म्हणजे गुन्हा सिद्ध झाल्याचं शब्दातच गृहीत धरलेलं आहे, आणि तुमचा लेख संशयितांबद्दल आहे.

हा नुसता शब्दच्छल नाही. अमेरिकी सिनेटच्या गुप्तवार्ता समितीनं डिसेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेच्या, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतरच्या गुप्त कोठडी-चौकशी कार्यक्रमात ११९ जण कोठडीत होते. त्यांपैकी किमान २६ जणांना डांबण्याइतका आधार नव्हता. त्यांनी कुठल्या कर्माचं फळ भोगलं?

प्रतिसाद : थर्ड डिग्री म्हणा की सरळ

एवढा काथ्याकूट कशाला? 'थर्ड डिग्री' शेंबड्या पोरालाही कळतं.

लेखकाचं उत्तर

कळतं, पण काय कळतं? मला बऱ्याच जणांनी विचारलंय की मग पहिली आणि दुसरी डिग्री कोणती. भाजल्याच्या डिग्र्यांसारखं काही असावं असा समज आहे. शब्द अमेरिकेतला. फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघटनेच्या तिसऱ्या पायरीच्या दीक्षेत उमेदवाराला प्रश्न विचारून घायकुतीला आणत, त्यावरून तो आला असं सहसा सांगतात. मला ते पटतं. १९३१ साली अमेरिकेतल्या विकरशॅम आयोगानं पोलिसांच्या बेकायदा वागण्यावर अहवाल दिला. त्यात थर्ड डिग्रीची व्याख्याच आहे : गुन्ह्याची माहिती काढण्यासाठी माणसाला शारीरिक वा मानसिक क्लेश देण्याच्या पद्धती. तिथे तो आरोप होता. मराठीत येईपर्यंत ते औषध झालं. 'थर्ड डिग्री दिली की बोलतो' हे वाक्य 'काढा दिला की ताप उतरतो'च्या चालीवर म्हणून बघा.

प्रतिसाद : पोलिसी खाक्या

बातम्यांमधलं ठरीव वाक्य कुणीच कसं आणलं नाही अजून? 'पोलिसी खाक्या दाखवताच तो पोपटासारखा बोलू लागला.'

खाक्या म्हणजे रीत, तऱ्हा. 'त्यांचा खाक्याच निराळा' मधला. खाकी वर्दीशी नाद जुळल्यामुळे जोडी पक्की झाली असावी. क्रियापद बघा : दाखवणे. मारलं नाही, टांगलं नाही, नुसतं दाखवलं. 'हिसका'ही दाखवतात, 'इंगा'ही दाखवतात. मराठीत ही सगळी क्रिया जणू प्रदर्शन भरवल्यासारखी चालते, अंगाला कुणाच्या हात लागतच नाही.

आणि तो पोपट! पोपट कधी नवीन माहिती देतो का? त्याला जे पढवलं तेच तो बोलतो. वाक्य लिहिणाऱ्याला 'भराभर बोलला' एवढंच म्हणायचं असतं, पण म्हणीनं त्याच्याही नकळत खरं सांगून टाकलंय.

प्रतिसाद : वदवून घेणे

पोपटावरून सुचलं. मराठीत यासाठी दोन वेगळी क्रियापदं आहेत आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. 'माहिती काढून घेतली' म्हटलं की माहिती त्याच्याकडे होती. 'वदवून घेतलं' म्हटलं की शब्द विचारणाऱ्याचे, तोंड फक्त त्याचं. तुमच्या लेखातला अर्धा वाद या दोन क्रियापदांत मावतो. टॉर्चरच्या बाजूचा माणूस नेहमी 'काढून घेणे' गृहीत धरतो.

उदाहरण द्यायचं तर इब्न अल-शेख अल-लिबी या अल-कायदाशी संबंध असल्याच्या संशयावरून पकडलेल्या माणसाचं. त्याला सीआयएनं इजिप्तच्या ताब्यात दिलं. तिथे त्यानं सांगितलं की इराकनं अल-कायदाच्या लोकांना रासायनिक आणि जैविक शस्त्रांचं प्रशिक्षण दिलं. ते विधान अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांच्या ५ फेब्रुवारी २००३ च्या सुरक्षा परिषदेतल्या भाषणापर्यंत पोचलं. पुढल्या महिन्यात इराक युद्ध सुरू झालं. २००४ मध्ये त्यानं जबाब फिरवला. मार थांबावा म्हणून विचारणाऱ्यांना हवं ते बोललो, असं त्याचं म्हणणं. याला 'माहिती काढली' म्हणायची माझी तरी जीभ वळत नाही.

प्रतिसाद : नुसतं 'विचारणे'

मराठीलाच दोष देऊ नका. जुन्या फ्रेंच कायद्यात टॉर्चरचं अधिकृत नावच 'प्रश्न' होतं. त्यात साधा प्रश्न आणि असाधारण प्रश्न असे दोन प्रकार. पाणी पाजण्याचा प्रकार असेल तर असाधारण प्रश्नाला पाणी जास्त. राजानं १७८० आणि १७८८ मध्ये दोन टप्प्यांत हे 'प्रश्न' बंद केले. जर्मनमध्येही जुनी संज्ञा 'क्लेशदायक विचारणा' अशीच. त्यातल्या 'क्लेशदायक'साठीच्या शब्दाचा आजच्या जर्मनमधला अर्थ ओशाळवाणं, कसंनुसं वाटायला लावणारं. शतकानुशतकं झिजून शब्द बरोब्बर जागी येऊन बसला म्हणायचा.

प्रतिसाद : आणि 'एनहान्स्ड'?

सीआयएनं जो शब्द वापरला, 'एनहान्स्ड इंटरॉगेशन टेक्निक्स', त्याचं काय करणार आहात? 'वर्धित चौकशी तंत्रे' असं एके ठिकाणी वाचलं. वर्धित म्हटल्यावर मला जीवनसत्त्व घातलेलं पीठ आठवतं.

लेखकाचं उत्तर

हाच तर तिढा आहे. मूळ शब्द सौम्य वाटावा म्हणूनच घडवलेला. त्याचं खरं भाषांतर केलं तर सौम्यपणा जातो, म्हणजे मूळाशी बेइमानी. सौम्य ठेवलं तर वाचकाशी बेइमानी. गेस्टापो या नाझी गुप्त पोलिसांच्या १९४२ च्या आदेशात जी संज्ञा आहे तिचा शब्दशः अर्थ 'धार लावलेली चौकशी', 'कडक केलेली चौकशी'. ही तुलना इंग्रजी लेखकांनी पुष्कळदा केलीय. दोन राजवटी सारख्या होत्या असं मी म्हणत नाही. शब्द घडवायची युक्ती मात्र तीच आहे : 'चौकशी' हे नाम तसंच ठेवायचं आणि पुढे एक विशेषण टांगायचं.

मराठीत याला सर्वांत जवळचं काय आहे माहितीये? 'कसून चौकशी'. रोज वाचतो आपण. दोर कसतात, तंग कसतात, आणि चौकशीही कसून होते. इतकं निरागस दिसतं की त्यात नुसते चिवट प्रश्न आहेत की आणखी काही, हे वाचून कधीच कळत नाही. सध्या मी 'एनहान्स्ड' देवनागरीत तसाच ठेवून अवतरणात टाकलाय आणि पुढच्या वाक्यात त्यात काय काय येतं ते लिहिलंय : भिंतीवर आपटणं, अरुंद पेटीत कोंडणं, झोपू न देणं, वॉटरबोर्डिंग. शब्दाला उत्तर शब्दानं देण्यापेक्षा यादी बरी पडते.

प्रतिसाद : असहमत

सगळे एकाच बाजूनं बोलताहेत म्हणून लिहितो. प्रत्येक कडकपणाला टॉर्चर म्हणायचं ठरवलं की शब्द पातळ होतो. रात्रभर जागवून प्रश्न विचारणं आणि नखं उपटणं यांना एकच नाव द्यायचं? मधल्या पायऱ्यांना शब्द हवेत. न्यायालयांनीही हा फरक केलाय. १९७१ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिशांनी संशयितांवर पाच तंत्रं वापरली : भिंतीला टेकून अवघडलेल्या स्थितीत तासन्‌तास उभं करणं, डोक्यावर पिशवी, सततचा मोठा आवाज, झोप न देणं, खाणंपिणं तोडणं. युरोपियन मानवी हक्क न्यायालयानं १९७८ मध्ये हे अमानुष आणि मानहानिकारक ठरवलं, पण टॉर्चर म्हटलं नाही. आणि उद्या खरोखर बॉम्ब पेरलेला असेल, पकडलेल्याला जागा माहीत असेल, तर कोशात डोकं घालून बसणार आहात का?

लेखकाचं उत्तर

पायऱ्यांचा मुद्दा मान्य. तो मला आधी सुचायला हवा होता, कारण करारातही 'क्रूर, अमानुष वा मानहानिकारक वागणूक' हा वेगळा कप्पा आहेच, आणि माझ्या मसुद्यात मी दोन्हीला सरसकट 'छळ' लिहून बसलो होतो. सुधारतो. (त्याच आयरिश खटल्यात आधी मानवी हक्क आयोगानं १९७६ मध्ये त्या पाच तंत्रांना टॉर्चरच म्हटलं होतं, हेही नोंदवतो.)

पण पायऱ्या असल्या की उंबरठा हवा तितका वर उचलता येतो. अमेरिकेच्या न्याय खात्याचं १ ऑगस्ट २००२ चं टिपण वाचा. त्यात म्हटलंय की वेदना अवयव निकामी होणं, शरीराचं कार्य बिघडणं किंवा मृत्यू यांच्याबरोबर येणाऱ्या वेदनेइतकी असेल तरच ते टॉर्चर. म्हणजे करारातल्या 'तीव्र' या एका विशेषणाचा अर्थ ताणला आणि त्याखालचं सगळं मोकळं झालं. २००४ मध्ये ते टिपण मागे घेतलं. त्याआधीचा दाखला इस्रायलचा. १९८७ च्या लँडाऊ आयोगानं 'माफक शारीरिक दबाव' चालेल म्हटलं. 'माफक' किती ते ठरवता ठरवता बारा वर्षं गेली आणि १९९९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सुरक्षा यंत्रणेला अशा पद्धतींचा अधिकारच नाही असा निकाल दिला. मात्र त्याच निकालात आणीबाणीच्या प्रसंगी अधिकाऱ्याला खटल्यात गरजेचा बचाव मांडायची वाट उघडी ठेवली.

म्हणजे तुमचा बॉम्ब तिथेही होताच. त्या दाखल्याबद्दल माझी शंका भाषेचीच आहे. 'पकडलेल्याला जागा माहीत असेल तर' हे वाक्य व्याकरणानं सोपं आहे. कोठडीत बसलेल्या अधिकाऱ्याला हे 'तर' कुठून मिळतं? त्याच्याकडे फक्त 'असावी' असतं.

प्रतिसाद : वॉटरबोर्डिंगबद्दल

'पाण्यात बुडवणे' लिहू नका, ते वेगळं. यात माणसाला फळीवर उताणं बांधतात, डोकं खालच्या अंगाला, तोंडा-नाकावर कापड, आणि वरून पाण्याची धार. 'बुडण्याचा आभास' असंही भाषांतर दिसतं. आभास म्हणजे नसलेलं दिसणं, मृगजळासारखं. इथे श्वास खरोखर कोंडतो, मग आभास कसला? ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांचा सूत्रधार मानल्या जाणाऱ्या खालिद शेख मोहम्मदवर मार्च २००३ मध्ये हा प्रयोग १८३ वेळा झाल्याची सीआयएचीच नोंद आहे. 'नाकातोंडात पाणी जाणे' हा आपला साधा वाक्प्रचार घ्या आणि त्याला कर्ता द्या. कोश उघडायची गरज नाही.

प्रतिसाद : ओबामांचं वाक्य

ऑगस्ट २०१४ मध्ये ओबामा म्हणाले ते इंग्रजी वाक्य, 'वी टॉर्चर्ड सम फोक्स', कसं आणाल? शेवटचा शब्द 'फोक्स' आहे. मी 'आम्ही काही मंडळींना टॉर्चर केलं' असं करून पाहिलं. 'मंडळी' चपखल बसतो आणि त्यामुळेच अंगावर येतो. पंगतीला बसवल्यासारखं वाटतं.

त्याच महिन्यात न्यूयॉर्क टाइम्सनंही आपल्या बातम्यांत 'कठोर' किंवा 'पाशवी' पद्धती असं लिहिणं सोडून सरळ टॉर्चर लिहायचं ठरवलं. त्यांना आपल्याच भाषेतला शब्द वापरायला एवढा वेळ लागला, तुम्ही तर परक्या भाषेतून आणताय.

लेखकाचं उत्तर

सगळ्यांचे आभार. अखेर असं ठरवलं : व्याख्या जिथे येते तिथे 'टॉर्चर', कायद्याची संज्ञा म्हणून. बाकी मजकुरात 'छळ', पण कर्ता लिहिल्याशिवाय नाही. 'छळ झाला' असा प्रयोग एकदाही ठेवला नाही. 'यातना' फक्त सोसणाऱ्याच्या तोंडी. 'क्रूर वागणूक' वेगळी. 'वदवून घेणे' दोन ठिकाणी वापरलं, त्या प्रतिसादाचं ऋण आहे.

खालिद शेख मोहम्मदबद्दलचं वाक्य असं झालं : 'सीआयएच्या माणसांनी एका महिन्यात १८३ वेळा त्याच्या नाकातोंडात पाणी ओतून त्याचा छळ केला.'

प्रतिसाद : पुढे काय झालं?

संपादकांनी ठेवलं का ते तसंच?

लेखकाचं उत्तर

'छळ'च्या आधी 'कथित' घातलं. १८३ ला हात लावला नाही.