सेंट ऑगस्टीनचा मनोरा: भूकंप नव्हे, पाऊस

जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीन चर्चचा मनोरा भूकंपात पडला का? नाही. 1602 मध्ये पुरं झालेलं चर्च आणि शेजारचा मठ 1835 पर्यंत नांदता होता. त्या साली पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बरखास्त केले आणि देखभाल थांबली. 1842 मध्ये कमानदार छत कोसळलं, 1931 मध्ये दर्शनी भिंत आणि अर्धा मनोरा.

कारण साधं आहे. बांधकाम जांभ्याचं, आणि जांभा सच्छिद्र. चुन्याचा गिलावा शाबूत असेतो ठीक. तो सुटला की पावसाचं पाणी आत मुरतं, सांध्यातला चुना धुपतो, तिथे पिंपळ रुजतो आणि त्याची मुळं दगड उचकटतात. अशा सांध्यात सिमेंट भरणं तर आणखी वाईट: ओल आतच कोंडते आणि दगडच झिजू लागतो. चुनाच हवा.

घंटा मात्र वाचली. आधी आग्वादच्या दीपगृहात, मग 1871 पासून पणजीच्या चर्चमध्ये. आजही वाजते. जॉर्जियाच्या राणी केतेवानच्या अस्थी याच अवशेषांत सापडल्या. 2021 मध्ये त्यांचा एक भाग जॉर्जियाला दिला. आता जागा पुरातत्त्व खात्याकडे आहे. गेलात तर भिंतींवर उरलेल्या रंगीत फरशा जरूर बघा.