छापखाना उशिरा येण्यामागे लिपीही होती
आपल्या मराठवाड्यातल्या लहान गावांत मराठी छापखाना उशिरा आला, कारण वाचकच नव्हते, हे मत मला अपुरे वाटते. निजामाच्या राज्यात सरकारी कारभार उर्दूत चाले आणि उर्दूची छपाई मुख्यतः शिळाप्रेसवर (दगडावरून छापणाऱ्या यंत्रावर) होई. कातिबाने, म्हणजे सुंदर अक्षरात लिहिणाऱ्या लेखनिकाने, लिहिलेला मजकूर दगडावर उतरवला की काम भागे. देवनागरी खिळ्यांनी छापायची तर मात्र जोडाक्षरांसह शेकडो प्रकारचे खिळे (धातूचे अक्षरठसे) आणि ते जुळवणारा कंपोझिटर लागे, म्हणजे भांडवल आलेच. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद लोहमार्ग झाल्यावर पुण्या-मुंबईची पुस्तके जालना, परभणी, नांदेडपर्यंत गाडीने येऊ शकत होती. त्यामुळे पुस्तकांचे दुकान आधी आणि छापखाना नंतर, हा क्रम स्वाभाविकच म्हणावा लागेल.