‘एथिकली सोर्स्ड’ हिरा: टॅगवर हा शब्द असावा का?

दादरकर: झवेरी बाजार असो की बीकेसी, दागिन्याच्या टॅगवर ‘एथिकली सोर्स्ड’, म्हणजे नीतीने मिळवलेला, असं छापायची टूम निघाली आहे. माझ्या मते हा शब्द काढून टाकावा. ‘लीगली’ म्हटलं तर कागद मागता येतो. ‘मॉरली’ म्हटलं तर निदान बोलणाऱ्याच्या सदसद्विवेकाची गोष्ट आहे हे कळतं. ‘एथिकली’ म्हणजे कुठल्या तरी आचारसंहितेनुसार, आणि ती संहिता कुठली हे टॅगवर नसतं. विचारलं की किंबर्ली प्रोसेस या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र योजनेचं नाव पुढे करतात. ती 2003 पासूनची, फक्त रफ, म्हणजे न घासलेल्या, हिऱ्यांसाठी. बंडखोर गट सरकारविरुद्धच्या लढाईचा पैसा ज्या रफमधून उभा करतात तो अडवायचा, एवढंच तिचं काम. खाणीतली मजुरी, बालमजूर, सरकारी फौजेची दडपशाही तिच्या व्याख्येत बसत नाही.

रफ_ते_पॉलिश: पण पॉलिश मालाच्या बिलावर ‘हा माल अशा लढाईच्या पैशातला नाही’ या हमीचं वाक्य छापतात आणि ते बिलागणिक पुढे जातं, ते विसरलात का? शब्द काढलात तर चौकशी करून माल उचलणारा आणि डोळे मिटून उचलणारा एकाच मापात. उलट सक्ती करा: खाली आधार लिहा.

दादरकर: हमी विकणाऱ्याचीच ना! शिवाय रफचं पाकीट मिश्र असेल तर किंबर्लीच्या सर्टिफिकेटवर मूळ देश लिहावाच लागत नाही. आधार आणणार कुठून?

गिरगावची_माई: अहो, काउंटरवर काय बघायचं ते बोला. ग्रेडिंग रिपोर्टमध्ये कॅरट, रंग, क्लॅरिटी, कट. गर्डलवर, म्हणजे हिऱ्याच्या कडेच्या पट्टीवर, लेझरने कोरलेला नंबर रिपोर्टशी जुळला तर हिरा तोच, एवढंच सिद्ध होतं. जीआयए ही हिरे तपासणारी लॅब उगमाचा वेगळा रिपोर्ट देते, पण त्यासाठी रफ आधी लॅबला दाखवलेला हवा. घासून झाल्यावर मागून उपयोग नाही. सोन्याचंही तेच. हॉलमार्कमधला सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी नंबर शुद्धतेसाठी. ‘मोडीचं सोनं वापरतो’ म्हणाले तर मोडीच्या खरेदीची नोंद दाखवा म्हणावं. बहुतेक ठिकाणी विषय बदलतो.

सीव्हीडीवाला: लॅबग्रोन, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा घ्या, कटकटच नको.

रफ_ते_पॉलिश: मिथेन-हायड्रोजनच्या प्लाझ्मात हिरा वाढेपर्यंत रिॲक्टर आठवडेच्या आठवडे चालू असतो. वीज कोळशाची असली तर? ‘खाणीतला नाही’ लिहा, ते शंभर टक्के खरं.

दादरकर: हेच म्हणतोय! जे तपासता येतं ते लिहा.

गिरगावची_माई: आणि टॅगवर नको, बिलावर लिहून घ्या. तक्रार करायची वेळ आली तर टॅग कुठे शोधणार?

रफ_ते_पॉलिश: बिलाचं पटलं, माई. शब्द काढायला मात्र माझा विरोध कायम.