कळलावीची बुटकी, गडद जात घरी तयार होईल का?

कोपरीची_बाल्कनी: माझ्याकडे नर्सरीतून आणलेल्या कळलावीचे वेल आहेत, एक कमरेएवढाच वाढतो पण रंग फिका, दुसरा उंच पण लालभडक. क्रॉस केला तर दोन्ही गुण एकत्र येतील का? की येऊरहून अजून कंद आणू?

ऐरोली_माळीणबाई: येऊरचं विसरा हो, नॅशनल पार्क आहे ते! क्रॉस मात्र सोपा. हिचा स्त्रीकेसर बुडाशीच काटकोनात वळून बाजूला आलेला असतो, त्यामुळे हात छान पोचतो. परागकोश फुटायच्या आधी चिमट्याने काढा, दुसऱ्याचे पराग लावा, वर पातळ कापडाची पिशवी.

खारघर_नाना: ताई बरोबर, पण पहिल्या पिढीत हवं ते दिसेलच असं नाही, ती रोपं आपसात क्रॉस करून पुढच्या पिढीत खरी निवड, आणि बियांपासून फुलायला तीनेक वर्षं जातात, तेव्हा घाई असेल तर नादी लागू नका. आवडलेलं रोप कंदानेच वाढवा. पावसाळ्यानंतर वेल वाळतो, मेला समजून कुंडी रिकामी करू नका, फक्त पाणी बंद. आणि हातमोजे घाला, कंदात कोल्चिसिन असतं, जबरी विषारी. ब्रीडर लोक गुणसूत्रं दुप्पट करायला तेच वापरतात, काय गंमत!

कोपरीची_बाल्कनी: नाना, घरात मांजर आहे 😬 आधी जाळी लावतो.