बोट बंदराला लागते तेव्हा : हस्तकलेच्या बाजारातले अनुभव

सागरगोटा : काल माळा आवरताना ताडपात्यांची एक पिशवी हाती आली आणि नासाऊचा तो दिवस आठवला. मायामीहून निघालेली आमची क्रूझ बहामाजच्या या राजधानीत जेमतेम सहा तास थांबणार होती. धक्क्यावरून बे स्ट्रीटवरचे स्ट्रॉ मार्केट, म्हणजे पात्यांच्या विणलेल्या वस्तूंचा बाजार, चालत गाठता येते. २००१ च्या आगीत हा बाजार जळाला, विक्रेत्यांनी पुढची दहा वर्षे तात्पुरत्या जागेत काढली आणि २०११ च्या अखेरीस सध्याची इमारत उघडली. आत शिरल्यावर मात्र माझा हिरमोड झाला, कारण बहुतेक गाळ्यांवर परदेशातून आलेल्या एकसारख्या पिशव्या होत्या आणि त्यांवर ‘बहामाज’ हा शब्द तेवढा रंगीत धाग्याने भरलेला होता.

परत फिरणार तोच एका कोपऱ्यात ताडपात्यांची वेणी घालत बसलेल्या आजीबाई दिसल्या. आधी पात्यांची लांबच लांब पट्टी गुंफायची आणि मग ती गोल फिरवत, कडेला कड लावून शिवत न्यायची, अशी ती रीत आहे. मी मंडईच्या सवयीने निम्म्या भावापासून सुरुवात केली. त्यांनी वाद घातला नाही, फक्त पट्टीचे टोक माझ्या हाती दिले. चार पेडांतच माझा गुंता झाला आणि त्या इतक्या हसल्या की उरलेली घासाघीस मला करवली नाही. तुमचेही असे अनुभव असतील तर जरूर लिहा.

उंबरठा : अलास्कात केचिकनला आम्ही नेमके उलटे केले. धक्क्याजवळच्या एका दुकानातून ‘स्थानिक’ म्हणून लाकडी टोटेम (तिथल्या मूळ रहिवाशांच्या कोरीव खांबाची छोटी प्रतिकृती) घेतला आणि घरी आल्यावर त्याच्या तळाला भलत्याच देशाचे लेबल सापडले. तिथल्या मूळ रहिवासी कारागिरांच्या हातच्या वस्तूंवर ‘सिल्व्हर हँड’ ही सरकारी खूण असते, हे आम्हांला नंतर कळले. जाणाऱ्यांनी ती आधी पाहावी.

दहीपोहे : तुम्ही निदान बाजारात तरी पोहोचलात! मुंबईहून गेलेली आमची बोट कोचीला लागली तेव्हा मट्टनचेरीतल्या ज्यू टाउनचा बाजार बघायचा, असे मी रिक्षावाल्याला तीनदा सांगितले. त्याने वाटेत दोन एम्पोरियमसमोर रिक्षा उभी केली, कारण गिऱ्हाईक आत गेले की त्याला कमिशन मिळते. दोन्हीकडे आमच्यासमोर काश्मिरी शालीच उलगडल्या गेल्या. शेवटी हाती लागले ते काथ्याचे पायपुसणे, आणि ते पाहून आमच्या रत्नागिरीच्या आत्याबाई जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखे नाही.

मीनाक्षी_न्यूजर्सी : सागरगोटाताई, आम्ही डिसेंबरात नासाऊला जात आहोत. तिथे अमेरिकी डॉलर चालतात का? आणि त्या आजीबाई नेमक्या कुठे बसतात?

सागरगोटा : चालतात, कारण बहामाजचा डॉलर अमेरिकी डॉलरच्या बरोबरीचाच आहे. मात्र सुटे पैसे कधीकधी तिथल्या चलनात परत मिळतात, ते तिथेच खर्च करून टाका. आजीबाईंच्या गाळ्याचा क्रमांक मी पाहिला नव्हता. पुढे मांडलेल्या पिशव्यांकडे पाहू नका, कोणाच्या मांडीवर अर्धवट पट्टी आहे ते शोधा. माझ्या पिशवीचा बंद आता उसवला आहे. त्या भेटल्याच तर तो कसा शिवायचा, तेवढे माझ्यासाठी विचारून या.