मनाने दीन असलं की झालं?

निर्मळकर:
श्रीमंत असणं पाप नाही, आसक्ती वाईट, असं आपण चर्चमधल्या प्रवचनांत नेहमी ऐकतो. शिकवण खरी आहे, पण आपण तिचा आडोसा केलाय. वाडी विकली, बंगला बांधला, लग्नात हजार माणसं जेवली, तरी ‘मनाने मी दीनच’ म्हणायला मोकळे! बायबलमधल्या त्या श्रीमंत तरुणाला येशूने मन तपासायला सांगितलं नव्हतं. असेल ते विकून गोरगरिबांना दे, असं सांगितलं आणि तो खिन्न होऊन निघून गेला (मत्तय १९). असिसीच्या संत फ्रान्सिसने तर अंगावरचे कपडेसुद्धा बिशपांसमोर बापाला परत केले. हातातून काहीच सुटलं नाही, तर मनातून सुटलं हे कळणार कशावरून?

सांडोरची सून:
दादा, सगळ्यांना एकच माप कसं लावता? बायबलमधल्या जक्कय या श्रीमंत जकातदाराने अर्धी मालमत्ता दिली. उरलेली का ठेवलीस, असं येशूने विचारलं नाही. ‘आज या घराला तारण झालं’ म्हणाला. दारिद्र्याचं व्रत संन्यस्तांचं. संसारी माणसाला मुलांच्या फिया असतात, म्हाताऱ्यांची औषधं असतात. ख्रिस्ताच्या आणि प्रेषितांच्या मालकीचं काहीच नव्हतं, असा हट्ट फ्रान्सिसच्या पंथातल्या काही संन्याशांनी, म्हणजे फ्रान्सिस्कनांनी, धरला, तेव्हा पोप बाविसावे जॉन यांनी १३२३ मध्ये ते मत पाखंड ठरवलं. पुढे १८९१ मध्ये पोप तेराव्या लिओंनी ‘रेरुम नोव्हारुम’ या पत्रकात खासगी मालमत्तेचा हक्क ठामपणे मांडला.

निर्मळकर:
ताई, त्याच पत्रकात लिओ असंही म्हणतात की गरजा भागल्यावर उरेल त्यातून गरिबांना देणं हे कर्तव्य आहे. आणि जक्कयाने अर्ध्यावर थांबवलं नाही, लुबाडलेलं चौपट परत करायचं कबूल केलं. अर्धं राहू द्या, आपल्यात दशांश तरी किती जण देतात? पोप सहाव्या पौलांनी १९६७ मध्ये प्राचीन काळच्या बिशप संत अँब्रोजचं म्हणणं मुद्दाम पुन्हा मांडलं: गरिबाला देता ते तुमचं नसतं, त्याचंच त्याला परत करता.

सांडोरची सून:
कर्तव्य आहेच. पण ते न्यायाचं नव्हे, प्रीतीचं, कोणी अगदी टोकाच्या अडचणीत असेल तेवढा अपवाद, हेही लिओंनीच लिहिलंय. म्हणजे कायद्याने किंवा लोकलाजेने ते उकळता येत नाही. कोणाच्या लग्नात किती पानं उठली हे मोजत बसलो, तर गावात नुसती कुजबुज वाढेल.

आगाशीकर:
तुम्ही दोघंही पैसेवाल्याच्या आत्म्याचीच काळजी करताय. आपल्या वाडीत राबणाऱ्या आदिवासी बाईने दारिद्र्य निवडलेलं नाही, तिला अलिप्तता शिकवायला जाऊ नका. मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, असं बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात आहे (५:४). तिथे ना व्रताचा प्रश्न, ना दानाचा. पुरती मजुरी, वेळेवर. ते झाल्यावर आसक्तीवर बोलू.

सांडोरची सून:
मजुरीचं शंभर टक्के मान्य, ते न्यायाचंच देणं. पण आसक्तीचा विषय नंतरवर ढकलू नका. सर्वस्व वाटून टाकलं आणि प्रीती नसली, तर काही लाभ नाही, असं बायबलमध्ये प्रेषित पौलानेच करिंथकरांना बजावलंय. बंगला न बांधणाऱ्यालाही आपल्या साधेपणाचा ताठा असतो, तो मी घराघरांत पाहिलाय.

निर्मळकर:
ताठा असेलही. म्हणून द्यायचं थांबवायचं का? भुकेल्याच्या ताटात तुमची भाकरी पडते तेव्हा तुमच्या ताठ्याने ती कमी होत नाही.